वाटसरूसमोरची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. जिन्याखाली रखवालदारकाका बसतात ना, ती मीच. माझा मागचा डावा पाय तडकला आहे आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याची चौपदरी घडी सरकवलेली आहे. तुम्ही रोज माझ्यासमोरून धडाधडा जिना चढता-उतरता, पण माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. असो, मला त्याची सवय झाली आहे. आज काका जेवायला गेले आहेत आणि मला बोलायची हुक्की आली आहे, तेव्हा जरा थांबा. एके काळी माझ्यात बसायला माणसं नंबर लावायची, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा, पण ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सुतार तोंडाचा मोठा फटकळ. गिऱ्हाइकांवर वसावसा ओरडायचा, पण आम्हाला पॉलिश करताना गुणगुणायचा. एका दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी सहा खुर्च्या सांगितल्या होत्या. "हात चांगले जाडजूड कर रे बाबा," त्यांनी बजावलं होतं, "माझ्याकडे येणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला घट्ट धरायला काहीतरी हवं." म्हणून माझे हात असे दणकट आहेत. आम्ही सहा बहिणी एकाच लाकडाच्या. आता बाकीच्या पाच जणी कुठे आहेत, देव जाणे.

दवाखान्यात मी पुष्कळ वर्षं काढली. तिथे मला एक विद्या आली. माणूस कसा बसतो यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळायला लागलं. ज्याचं दुखणं थांबलेलं असतं तो टेकून बसतो. घाबरलेला काठावर बसतो आणि पाय हलवतो. आणि ज्याला इथून पळून जायचंय, तो दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवतो, अर्धा उठतो आणि परत बसतो. ही विद्या मला पुढे फार उपयोगी पडली, म्हणून सांगून ठेवते.

डॉक्टरांनी म्हातारपणी दवाखाना बंद केला. त्यांचा एक भाचा होता, त्याला त्यांनी मला देऊन टाकलं. हा भाचा म्हणजे आमचे थोरले. वयाने काही फार थोरले नव्हते, पण टक्कल लवकर पडलं आणि नाव चिकटलं. त्यांनी एका चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या आणि तिथे चार माणसं मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार करत होती.

कसला खेळ? असा, की खेळणारा स्वतः एक वाटसरू होतो. गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, आणि कोणी काही काम सांगितलं की ते पार पाडतो. कुणाची हरवलेली किल्ली शोधायची, कुणाचा निरोप पोचवायचा, कुणा दोन भावांचं भांडण मिटवायचं. अशा कामगिरीला ते लोक 'क्वेस्ट' म्हणत. आता या सगळ्या गावांतली माणसं काय बोलणार, वाटसरूने असं विचारलं तर काय सांगणार, तसं विचारलं तर काय, हे सगळं कोणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडे ते काम ताईचं होतं.

ताई त्या चौघांतल्या शंकासुराची सख्खी थोरली बहीण. शंकासुराचं काम होतं, तयार झालेला खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा आणि चुका काढायच्या. त्याचा हात त्या कामात कोणी धरला नसता. लहानपणापासून त्याला प्रत्येक गोष्टीत शंका, तेव्हा हे नाव त्याला घरातूनच मिळालं होतं. चौथे चित्रकारकाका. ते खेळातली घरं, माणसं, झाडं काढायचे आणि दिवसाला मोजून पाच-सहा वाक्यं बोलायचे. त्यातलं एक "चहा झाला का?" हे असायचं.

माझं नशीब उघडलं ते असं. ताईने एका लोहाराचं बोलणं लिहिलं होतं. तिने ते वाचून दाखवलं तर शंकासुर म्हणाला, "तायडे, असं कोण बोलतं गं? हा लोहार आहे का शाळेतला मुख्याध्यापक?"

ताई चिडली. तणतणत उठली, माझ्यात येऊन बसली, दोन्ही हात माझ्या हातांवर आपटले आणि लोहाराच्या आवाजात म्हणाली, "भट्टी पेटलीय, बोलायला वेळ नाही. काय हवंय ते सांग आणि दारातून बाजूला हो, वारा अडतोय."

चित्रकारकाकांनी मान वर केली. मग थोरले म्हणाले, "हेच लिही."

त्या दिवसापासून नियमच झाला. कोणाचंही बोलणं खेळात जाण्याआधी कोणीतरी माझ्यात बसून ते म्हणून दाखवायचं. माझ्यासमोर एक स्टूल ठेवलं गेलं, त्यावर दुसऱ्याने वाटसरू होऊन बसायचं आणि उलटसुलट प्रश्न विचारायचे. चित्रकारकाकांनी एका कागदावर सुरेख अक्षरांत लिहून माझ्यामागच्या भिंतीवर लावलं, 'या खुर्चीत बसणाऱ्याने स्वतःचं बोलायचं नाही.'

काय दिवस होते ते, मित्रांनो! चार वाजले की चहा यायचा आणि कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. थोरले एकदा चोर झाले. वाटसरूने "पोतडीत काय आहे?" असं विचारताच त्यांना असं हसू फुटलं की चहा नाकातून आला. चित्रकारकाका एकदा बहिऱ्या आजीबाई झाले आणि अर्धा तास कोणाला दाद दिली नाही. शंकासुर घसा फोडून ओरडत होता आणि काका शांतपणे म्हणत होते, "मोठ्याने बोल बाळा, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस." एकदा तर पार्सल घेऊन आलेला माणूस दमून माझ्यात बसला. ताईने विचारलं, "तुम्ही कोण?" तो म्हणाला, "मी पार्सलवाला, इथे सही करा, मला अजून अकरा ठिकाणी जायचंय." सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो बिचारा गांगरून गेला, पण खेळात निरोप्या म्हणून कायमचा जाऊन बसला. त्याचं वाक्यसुद्धा तेच ठेवलं.

मी तेव्हा फार तोऱ्यात असायचे, खोटं कशाला सांगू? आठवड्यातून एकदा ताई मला तेलाच्या फडक्याने पुसायची. म्हणायची, "हिच्यात बसलं की आपोआप सुचतं." मला ते खरंच वाटायचं. सुचायचं तिला, आणि शेखी मी मिरवायचे.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी घोडं अडलं.

भांडण नाही, काही नाही. नुसती ताई दमली. एवढा मोठा खेळ, तेवीस गावं लिहून झालेली, आणि शेवटचं नदीकाठचं गाव उरलेलं. त्या गावात चाळीस माणसं. चित्रकारकाकांनी ती सगळी काढून ठेवली होती आणि ती चाळीसच्या चाळीस माणसं पडद्यावर मुकी उभी होती. ताई सकाळी येऊन त्यांच्याकडे बघायची. मग टेबल आवरायची. पेन्सिलींना टोक करायची. कुंडीला पाणी घालायची, तेही इतकं की झाड कुजायला आलं. "आज नुसती यादी करते, लिहायला उद्या बसते," असं म्हणायची, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. चार वाजता माझ्यात बसली तरी अंग टाकून द्यायची. दवाखान्यात रात्रभर ठणक सोसून आलेली माणसं तशी बसत. तिच्या वजनात काही फरक नव्हता, पण मला ती जड लागायची.

एकदा तिने चित्रकारकाकांना विचारलं होतं, "काका, हे सगळं कोणी ऐकणार आहे का हो? माणसं बटण दाबून पुढे निघून जातात." काका "चहा सांगू का?" म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसणार.

थोरल्यांना काळजी लागली. खेळ घेणाऱ्या मोठ्या कंपनीला तारीख दिलेली होती. आणि ताई थांबली तर खेळ थांबणार, हे उघडच होतं. त्यांनी कुठेतरी वाचून एक उपाय काढला. भिंतीवर एक तक्ता लावला, चाळीस चौकोनांचा. एक माणूस लिहून झाला की त्या चौकोनात एक चमकीचा तारा चिकटवायचा. मनाने ते फार चांगले, पण हा उपाय म्हणजे निव्वळ खुळेपणा होता. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण खुर्चीला कोण विचारतो?

तारे मात्र भराभर लागायला लागले. एका दिवसात पाच, दुसऱ्या दिवशी सहा. आठ दिवसांत तक्ता लखलखायला लागला. थोरले खूश. म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? तू मनावर घेतलंस की काय होतं!" ताई कसनुसं हसली. आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. त्या आठ दिवसांत माझ्यात एकदाही कोणी बसलं नव्हतं. चार वाजता चहा यायचा, पण प्रत्येकजण आपापल्या जागी बसून प्यायचा. माझ्यावर कोणीतरी जॅकेट टाकून ठेवलं होतं.

नवव्या दिवशी शंकासुर ते गाव खेळायला बसला. थोड्याच वेळात त्याचे खांदे हलायला लागले. मग तो खो-खो हसायलाच लागला. "या, या, सगळे इकडे या!" त्याने पडद्यावर दाखवलं. वाटसरू शिंप्याकडे गेला. शिंपी म्हणाला, "वाटसरू, तू आलास, बरं झालं! माझं एक काम करशील?" वाटसरू कुंभारणीकडे गेला. "वाटसरू, तू आलास, बरं झालं! माझं एक काम करशील?" वैद्यबुवाही तेच म्हणाले. पाटलीणबाईही तेच. चाळीसच्या चाळीस जणांचं तेच, आणि प्रत्येकाला रानातून दहा काहीतरी आणून हवं होतं, कोणाला दहा मुळ्या, कोणाला दहा पिसं. एवढ्यावर भागलं नाही. गावाच्या टोकाला एक बकरी बांधलेली होती. वाटसरू तिच्याजवळ गेला तर बकरी मान वर करून म्हणाली, "वाटसरू, तू आलास, बरं झालं!"

थोरले हसता हसता भिंतीला टेकले. चित्रकारकाकासुद्धा हसले. "तायडे," शंकासुर डोळे पुसत म्हणाला, "पाट्या टाकाव्यात, पण बकरीच्या गळ्यात तरी घालू नये गं!"

ताईही हसली. जरा जास्तच हसली. मग ती मोरीपाशी गेली, तिने आपला कप धुतला, आणि रोजच्यासारखा फळीवर न ठेवता पुसून पिशवीत टाकला. ते शंकासुराने पाहिलं आणि त्याचं हसणं तोंडातच राहिलं. मीही पाहिलं. मला काय करता येणार होतं?

दुसऱ्या दिवशी ताई उशिरा आली. "जरा सगळे बसा. मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. थोरले त्यांच्या टेबलाच्या कडेला बसले. शंकासुर खिडकीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता, रात्रभर झोप नसावी. चित्रकारकाका त्यांच्या जागी. उरले मी. ताईने माझ्यावरचं जॅकेट उचललं, बाजूला ठेवलं आणि ती माझ्यात बसली. काठावर. दोन्ही हात माझ्या हातांवर. अर्धी उठली आणि परत बसली. ही बसण्याची तऱ्हा मला दवाखान्यापासून ठाऊक होती.

"मी काल खूप विचार केला," तिने सुरुवात केली.

"थांब," शंकासुर म्हणाला. "खुर्चीत बसलीयस तू. कोण बोलतंय?"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "चेष्टा पुरे झाली हं आता! कालची कमी पडली का?"

"चेष्टा नाही करत गं. नियम आहे ना..." तो बोलायचं थांबला. लहान मुलासारखा तो भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिला. थोरले त्याच्यावर डोळे वटारत होते.

तेव्हा चित्रकारकाका उठले. सावकाश चालत आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी खांद्यावरची नसलेली पोतडी काढून खाली ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "मला नदी ओलांडायची आहे. ही होडी तुमचीच का?"

त्या शेवटच्या गावात घाटावर एक नावाडीण होती. काकांनी ती सगळ्यांत आधी काढली होती, हातात वल्हं घेतलेली, पाठमोरी. चाळिसांतली ती पहिली, आणि ताईने तिला सगळ्यांत शेवटी, घाईघाईने, दहा कमळं मागायला लावली होती.

मला वाटलं, ही आता उठून जाणार. तिचे हात माझ्या हातांवर घट्ट आवळले होते. काका मुकाट वाट बघत बसले. वाट बघण्यात त्यांचा हातखंडा होता.

"होडी माझीच," शेवटी ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, आणि तिचाच होता. "पण आज जाणार नाही."

"का बरं?"

"हात दुखतात."

"किती वर्षं नेताय माणसं?"

"तीन." मग जरा थांबून, "रोज नेते. येतात, बसतात, उतरतात. उतरताना पुढच्या गावाचा रस्ता विचारतात. एकजण म्हणून मागे वळून बघत नाही. मी घाटावर ओरडून सांगितलं असतं की होडीला भोक पडलंय, तरी ते म्हणाले असते, किती वेळ लागेल?"

थोरल्यांनी मान खाली घातली.

"मग तुम्हाला काय हवंय, बाई?" काकांनी विचारलं.

"काही नको."

"काहीच नको?"

"नको म्हटलं ना."

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू. "सांगा तरी."

ताई म्हणाली, "मला एकदा नुसतं बसायचंय होडीत. वल्हं दुसऱ्या कोणीतरी मारावं. मला नदी बघायचीय. इतकी वर्षं तिच्यावर आहे, पण वल्ह्याच्या टोकापलीकडे मी काही पाहिलंच नाही हो."

"द्या ते वल्हं इकडे," असं म्हणून काकांनी हात पुढे केला.

आणि ताई रडली. दोन्ही हातांत तोंड घालून, लाज न बाळगता, घळाघळा रडली. तिचे अश्रू माझ्या हातावर पडले, तो डाग पुढे किती पॉलिश केलं तरी गेला नाही. खिडकीत शंकासुर एका कागदावर खाली मान घालून भराभरा काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, हा आताही चुकाच काढतोय की काय! पण ते नावाडिणीचं बोलणं होतं, शब्द न् शब्द. लिहून झाल्यावर त्याने तो कागद ताईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तायडे, काल मी फार हसलो गं." त्याच्या मानाने ही माफी म्हणजे पुष्कळच झाली.

ताई त्या दिवशी जे सांगायला आली होती, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. थोरल्यांनी दुपारी गुपचूप तो ताऱ्यांचा तक्ता काढला आणि त्या कंपनीला फोन करून दोन महिने जास्त मागून घेतले. फोनवर ते चारदा 'सॉरी' म्हणाले, मी मोजत होते. आणि मग जागा बदलल्या. ताई स्टुलावर गेली, वाटसरू झाली. बाकीचे तिघे आळीपाळीने माझ्यात बसायला लागले. दिवसाला एकच माणूस, चार वाजता, चहाबरोबर. ताई नुसतं विचारायची आणि ऐकायची. थोरले वैद्यबुवा झाले, ज्यांना रक्त बघितलं की घेरी येते. शंकासुर शिंपी झाला, आणि स्वतःच्या शिवणीतच शंका काढत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ते सगळं नीट लिहून काढायची. पहिले काही दिवस तिने नुसतं लिहून घेतलं. मग एक दिवस शंकासुर अडखळला तशी ती म्हणाली, "सरक, असं नाही ते," आणि त्याला उठवून स्वतः माझ्यात येऊन बसली. टेकून बसली, मित्रांनो! त्या दिवशी मला किती आनंद झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. कपसुद्धा फळीवर परत आला.

बकरीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. ताई म्हणाली, "बकरी गप्प बसेल. गावात तीच एक शहाणी आहे."

खेळ बाहेर पडला. लोकांनी वाखाणला, वर्तमानपत्रात चौकटही आली. नावाडिणीची क्वेस्ट मात्र ताईने अशी ठेवली होती की ती सहज सापडू नये. नदी ओलांडायची म्हटलं की नावाडीण मुकाट्याने नेऊन सोडते. पण वाटसरूने थांबून तीनदा विचारलं, तर ती वल्हं त्याच्या हातात देते आणि होडीच्या टोकाशी जाऊन बसते. मग वाटसरूने वल्हवत राहायचं आणि तिने बघत राहायचं. बक्षीस काही नाही. तलवार नाही, मोहरा नाहीत. किती जण काय करतात याची मोजणी आपोआप व्हायची. महिन्याभराने थोरल्यांनी ती वाचून दाखवली, तीही पडेल आवाजात. "शंभरातले एक्याण्णव जण न विचारताच पलीकडे गेले. नऊ जणांनी विचारलं."

"नऊ?" ताई ताडकन उठली. "शंभरात नऊ जण थांबले? तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबले?" तिला खरंच वाटेना. मग ती तिच्या टेबलाशी गेली, नवी वही काढली आणि पहिल्या पानावर काहीतरी लिहायला लागली. चहा आला तरी मान वर केली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या सुखाची गोष्ट संपत आली आहे. दोनाच्या चार खोल्या झाल्या, मग ही मोठी इमारत आली. माणसं वाढली. चाकांच्या खुर्च्या आल्या, मान टेकायला उशी असलेल्या, वर-खाली होणाऱ्या. जो तो कानाला हेडफोन लावून बसायला लागला. सामान हलवताना भिंतीवरचा तो कागद कुठे गेला कोणास ठाऊक. चित्रकारकाका काम सोडून गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. काही दिवस माझ्यावर प्रिंटर होता. मग जुन्या वायरी. मग एकाने बल्ब बदलायला माझ्यावर उभं राहून उडी मारली आणि माझा पाय तडकला. तेव्हा मला खाली आणून ठेवलं. रखवालदारकाकांनी पुठ्ठा लावून मला पुन्हा कामाला जुंपलं, हे त्यांचे उपकारच.

ताई रोज दिसते. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. वरच्या मजल्यावर तिची काचेची खोली आहे, असं ऐकते. मला एकच घोर लागून राहिला होता. ती अजून स्वतः लिहिते का, की आता नुसत्या दुसऱ्यांच्या याद्या तपासते? विचारणार कोणाला? आणि ती जिना उतरते ती फोन कानाला लावून, तारखा आणि मीटिंगा बोलत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. भर दुपारी ताई जिना उतरत होती. फोन नव्हता. पायऱ्यांवर थबकत होती, ओठ हलत होते. "पत्र आलं तर सांग, मी घरी नाही," ती कोणा खवीस म्हातारीच्या आवाजात म्हणाली. एक पायरी उतरली. "नाही, नाही. 'पत्र आलं तर परत पाठव. लिहिणाऱ्याला म्हणावं, पत्त्यावर आता दुसरीच बाई राहते.'" मग स्वतःशीच मान हलवली. माझ्या पुठ्ठ्यावरच्या पायालासुद्धा बळ आलं, खोटं नाही सांगत!

"कोणाशी बोलताय बाई?" रखवालदारकाकांनी विचारलं.

ताई दचकली आणि मग लाजून हसली. "एका म्हातारीशी. तीन आठवडे झाले, ऐकतच नाही माझं. सोडून द्यावी म्हणते आता."

काकांना यातलं काही कळलं नसणार. पण त्यांनी हातातली किल्ल्यांची जुडी खाली ठेवली आणि म्हणाले, "सोडू नका लगेच. काय म्हणणं आहे तिचं?"

ताईने घड्याळाकडे पाहिलं. मग पिशवी बाजूला ठेवून ती खालच्या पायरीवर बसली. काका घाईघाईने उठायला लागले, "अहो बाई, तुम्ही खुर्चीत बसा," तर ती म्हणाली, "नको नको, तुम्ही बसा, तुम्ही विचारा." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मला ओळखलं नसेल, किंवा त्या म्हातारीच्या नादात भान नसेल. मला राग आला नाही, शपथेवर सांगते. काकांनी एकेक विचारलं आणि ती एकेक सांगत गेली, आणि अर्ध्या तासाने जिना चढून वर गेली ती दोन-दोन पायऱ्या एकदम घेत.

मित्रांनो, जिन्याखाली कोणी जुनी खुर्ची दिसली तर तिच्यावर उभे राहून बल्ब बदलू नका, एवढं माझं स्वतःसाठी मागणं आहे. दुसरं मागणं मोठं आहे. तुमच्या घरात कोणीतरी काहीतरी लांबलचक, संपता न संपणारं करत बसलेलं असेल, ताई असेल, काका असतील, नाहीतर तुम्ही स्वतः असाल. त्यांना येता-जाता "किती झालं?" असं विचारू नका. हातातलं खाली ठेवा, समोर बसा आणि विचारा, "बरं, मग पुढे काय होतं?" नाही सांगितलं तर पुन्हा विचारा. त्याला वेळ लागतो, आणि बसायला एक जागा लागते, बस्स.

काका येताहेत जेवून. जा आता, तुमच्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल.